तुरट जापानी फळ: अढी, फेणी की फ्रिज?

मांडवीकाठ | ३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे आणि जरा लवकर हवी आहे, कारण घरात सगळे माझ्याकडे संशयाने बघताहेत.

भाचा कुलूला ट्रेकला गेला होता. येताना एक पेटीभर फळं घेऊन आला. तिकडे 'जापानी फल' म्हणतात म्हणे. पणजी मार्केटात मागे एकदा 'पर्सिमन' म्हणून एकेक फळ फोमच्या जाळीत बसवून ठेवलेलं पाहिलं होतं, भाव विचारला आणि पुढे चालू पडले होते. पेटीत दोन तऱ्हेची फळं आहेत. एक चपटी, टोमॅटोसारखी. दुसरी लांबट, खाली निमुळती. दोन्हींच्या डोक्यावर वांग्यासारखी चार पाकळ्यांची टोपी. रंग असा की खाण्यापेक्षा देवघरात मांडावीत.

चपटं कापलं. कुरकुरीत, गोड, बिया नाहीत. पाच मिनिटांत फस्त. त्याच उत्साहात लांबट कापलं आणि मोठी फोड तोंडात टाकली. कोवळा बोंडू मीठ न लावता चावल्यावर जे होतं ना, त्याच्या दहापट. जीभ टाळ्याला चिकटली, दात खरखरीत झाले, दोन पेले पाणी प्यायले तरी तोंडाला चामडं लावल्यासारखं वाटत होतं. सासूबाईंनी चव न घेताच निकाल दिला: "हें फळ न्हय गो, ही ओली सुपारी."

तर विचारायचं असं की ही लांबट फळं कच्ची आहेत, खराब आहेत, की जातच वेगळी? अकरा शिल्लक आहेत. पाच फ्रिजमध्ये टाकली, बाकीची टोपलीत आहेत. पिकतील का? की नारळाच्या मुळाशी घालू?

---

खवट खोबरं | ३ नोव्हेंबर, रात्री १०:०५

नको असलेल्या पाहुण्यांसाठी ठेवा. जीभ टाळ्याला चिकटली की गप्पा आपोआप आटोपतात.

---

कांगड्याचा जावई | ३ नोव्हेंबर, रात्री ११:२०

मूळचा मडगावचा, सासुरवाडी पालमपूर, नोकरी कुलूत, तेव्हा हा विषय माझ्या अंगणातला आहे. शब्दशः.

ताई, फेकू नका! चपटं ते फुयू, लांबट ते हाचिया. दोन्ही जपानी नावं. झाडं इकडे इंग्रजांच्या काळात गोऱ्या बागायतदारांनी आणली, म्हणून लोकांच्या तोंडी जापानी फल. फुयू सफरचंदासारखं कडक असतानाच खायचं असतं. हाचिया कडक असताना माकडंसुद्धा एक चावा घेऊन टाकून देतात. ते मऊ होऊ द्यायचं. मऊ म्हणजे चिकूइतकं नव्हे, पार पाण्याच्या फुग्यासारखं. साल अर्धपारदर्शक दिसायला लागते, हातात घेतलं की आतला गर डुचमळतो. मग टोपी काढायची आणि चमच्याने खायचं.

आमच्या आजेसासूबाई खिडकीच्या लाकडी पट्टीवर ओळीने मांडून ठेवतात, टोपी खाली करून. रोज सकाळी एकेकाला बोटाने हलकेच दाबून बघतात, जणू नातवंडांचा ताप बघताहेत. ऑक्टोबर संपता संपता झाडांची पानं झडतात आणि नुसती नारिंगी फळं फांद्यांवर उरतात. दिवाळीचे आकाशकंदील लावल्यासारखं झाड दिसतं. असो, घरची आठवण झाली. म्हणजे दोन्ही घरांची.

एक सूचना: एखादं फळ कापल्यावर आतून तपकिरी दिसलं तर सडलं समजू नका. हयाकुमे नावाची जात असते, तीही आमच्याकडे बरीच लावतात. तिच्यात बी धरलं की बियांभोवतीचा गर तपकिरी पडतो आणि तो भाग झाडावरच गोड होतो.

---

मांडवीकाठ | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

अरे देवा. काल रात्री एक तपकिरी निघालेलं मी टाकून दिलं. खत झालं असेल आता.

---

डिचोलीची वहिनी | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

आंब्यासारखी अढी घाला. भाताचं गवत खाली-वर, मध्ये फळं, वर गोणपाट. आमचे मानकुराद असेच पिकतात. गवत नसेल तर तांदळाचा डबा. तांदळात पुरलेलं काहीही पिकतं, हा माझा पंचवीस वर्षांचा अनुभव.

आणि अमुक फळ तमुक जात हे ठीक आहे हो, पण मला सांगा, मानकुराद कच्चा असतो तेव्हा आंबट, पिकला की गोड. हे कच्चं असताना तुरट, पिकलं की गोड. फरक काय? पिकणं म्हणजे पिकणं.

---

शीतघर | ४ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

वहिनी, फरक आहे आणि मोठा आहे. मी नोकरीची सगळी वर्षं शीतगृहांत काढली, बहुतेक नाशिककडे, द्राक्षांच्या आणि सफरचंदांच्या पेट्यांत. आता फोंड्यात निवृत्त. त्यामुळे जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर पुढे सरका.

आंबा काढतो तेव्हा त्याच्यात पिष्ट भरलेलं असतं. अढीत त्या पिष्टाची साखर होते, आम्ल कमी होतं. म्हणजे गोडी अढीत *तयार होते*. जापानी फळाची गोष्ट उलटी. त्याच्यात काढणीच्या वेळी पिष्ट नगण्य असतं, साखर झाडावरच भरलेली असते. ताईंनी काल जी फोड खाल्ली ती चांगली गोड होती. फक्त ती गोडी जिभेपर्यंत पोचली नाही, कारण वाटेत टॅनिन उभं होतं.

टॅनिन म्हणजे तेच, जे बोंडूत आहे, ओल्या सुपारीत आहे, कडक चहात आहे. सासूबाईंचा निकाल चवीपुरता अगदी बरोबर होता. या फळाच्या गरात काही पेशी फक्त टॅनिन साठवतात. चावल्यावर त्या फुटतात, टॅनिन लाळेत विरघळतं आणि लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांचा साका करतं. लाळेचा बुळबुळीतपणाच जातो, म्हणून तोंड चामड्यासारखं होतं. कातडी कमावायला टॅनिन वापरतात तेही याच गुणामुळे. तेव्हा 'चामडं लावल्यासारखं' हे ताईंचं वर्णन शास्त्राला धरून आहे.

आता मुख्य मुद्दा. फळ गोड लागायला लागतं तेव्हा टॅनिन नाहीसं होत नाही. ते असतं तिथेच असतं. फक्त त्याचे सुटे रेणू एकमेकांना गाठी मारून मोठं जाळं करतात आणि ते जाळं लाळेत विरघळत नाही. विरघळत नाही म्हणजे जिभेला त्याचा पत्ता लागत नाही. पिकलेल्या गरात बारीक तपकिरी ठिपके दिसतात बघा. साखरेचे ठिपके म्हणतात लोक. ती खरं तर टॅनिन गोठलेल्या पेशींची खूण.

म्हणजे या फळात दोन वेगळी कामं चालतात: मऊ होणं आणि तुरटपणा जाणं. मऊ होतं पेशींच्या भिंतींमधलं पेक्टिन विरघळून, इथिलीन वायूच्या हुकमाने. तुरटपणा जातो टॅनिन गोठून. हाचिया नुसतं ठेवलं तर दोन्ही बरोबर होतात, म्हणून आपल्याला ते एकच वाटतं. पण दुसरं काम पहिल्याशिवाय करून घेता येतं. कडकही राहील आणि गोडही लागेल असं हाचिया खाता येतं. स्पेनमध्ये वालेन्सियाच्या बाजूला रोहो ब्रिल्यांते नावाची तुरट जात अमाप पिकते. ती काढणीनंतर बंद खोलीत ठेवतात, खोलीत ९५ टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, तापमान २० अंश, सुमारे २४ तास. बस. दुसऱ्या दिवशी कडक फळ गोड.

कसं? फळाचा श्वास कोंडतो. प्राणवायू नसला की ते आतल्या आत थोडंसं आंबवण्याच्या वाटेला लागतं, त्यात असिटाल्डिहाइड तयार होतं, आणि गाठी मारायचं काम ते करतं. जावईबापूंच्या हयाकुमेत बियाच ही वाफ सोडतात, म्हणून बियांभोवती आधी गोड आणि तपकिरी. फुयूचं टॅनिन साठवणं लहानपणीच थांबतं, त्यामुळे त्याला यातलं काही लागत नाही.

फ्रिजबद्दल संध्याकाळी लिहितो. वीज गेली.

---

दुबईत अडकलेला | ४ नोव्हेंबर, दुपारी ४:००

एवढं कशाला? कार्बाइडची पुडी ठेवली की दोन दिवसांत काम फत्ते. बाजारात सगळे तेच करतात.

---

शीतघर | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४५

वीज आली. आधी हे. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला भारतात कायद्याने बंदी आहे. त्यातून ॲसिटिलीन निघतं, आणि बाजारू कार्बाइडमध्ये आर्सेनिक-फॉस्फरसचे अंश असतात. परवानगी आहे ती इथिलीन वायूला, १०० पीपीएमपर्यंत (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग), तीही नीट पिकवणगृहात. आणि घरात इथिलीन फुकट मिळतं. पिकलेलं केळं हा इथिलीनचा छोटा कारखानाच असतो.

जापानी फळ इथिलीनला फार हळवं. २० अंशांना हवेत १० पीपीएम इथिलीन असलं तर दोन दिवसांत विकण्याच्या पलीकडे मऊ होतं, १ पीपीएमला साधारण सहा दिवस. म्हणून पिकवायचं असेल तर केळ्याशेजारी, टिकवायचं असेल तर केळ्या-सफरचंदांपासून शक्य तितकं लांब.

आता फ्रिज. ताई, ती पाच फळं बाहेर काढा. या फळाला थंडी मानवते ती शून्य अंशाची. शून्याला, ९०-९५ टक्के आर्द्रतेत, चांगलं फुयू दोन-तीन महिने काढतं. पण मधली थंडी, ५ ते ८ अंशांची, त्याला सर्वात वाईट. आणि आपला घरचा फ्रिज नेमका तेवढाच असतो. गंमत बघा: शून्याला सुखरूप, बाहेर २० ला ठीकठाक, आणि मधल्या सहा-सात अंशांना आजारी. फ्रिजमध्ये असेपर्यंत दिसत नाही. बाहेर काढलं की एक-दोन दिवसांत गराची जेली होते, चावलं तर रबर, दाबलं तर पाणी. फुयूला हा त्रास जास्त.

आणि टोपी काढू नका. या फळाच्या सालीतून वायूची ये-जा जवळजवळ होतच नाही, श्वास सगळा टोपीकडून. टोपी कोरडी पडायला लागली की तिथेच आधी इथिलीन सुटतं आणि मग सगळं फळ मऊ पडायच्या मार्गाला लागतं. म्हणून टिकवायची फळं बारीक भोकं पाडलेल्या प्लास्टिक पिशवीत ठेवतात, टोपी सुकू नये म्हणून. पंख्याखाली टोपलीत ठेवणं म्हणजे पिकायचं आमंत्रण.

---

डिचोलीची वहिनी | ४ नोव्हेंबर, रात्री ८:३०

बरं बाबा, पिकणं म्हणजे पिकणं नव्हे. लिहून घेतलं. पण तांदळाच्या डब्याचं काय? तो चालतो की नाही?

---

शीतघर | ४ नोव्हेंबर, रात्री ८:५०

चालतो, वहिनी! तांदूळ काही करत नाही, फळाचंच इथिलीन डब्यात कोंडून राहतं. अढीतही तेच. फक्त दाबून भरू नका. हे फळ मऊ झालं की त्याला स्वतःचंच वजन पेलत नाही.

---

कुळागर | ५ नोव्हेंबर, पहाटे ५:५०

सत्तरीहून नमस्कार. बागेत जायच्या आधी लिहितोय.

शीतघर काकांनी असिटाल्डिहाइड म्हटलं तेव्हा आठवलं. गावात एक जपानी पाहुणा होमस्टेला होता, त्याने सांगितलेलं. त्यांच्याकडे तुरट काकी (या फळाचं जपानी नाव) घरी गोड करायची रीत म्हणजे दारू! पूर्वी साकेच्या रिकाम्या पिंपात फळं भरून ठेवत. आता शोचू नावाची त्यांची दारू, ३५ टक्क्यांची, बशीत घ्यायची, फळ उलटं धरून टोपी तेवढी बुडवायची आणि पिशवीत हवाबंद करून आठवडाभर ठेवायचं. कार्बन डायऑक्साइड नको, खोली नको.

शोचू मला कुठे मिळणार? पण देवाच्या दयेने गोव्यात त्याहून कडक वस्तू घरोघरी आहे :-)

---

खवट खोबरं | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

काजू फेणी वाया घालवायची? तीही फळाच्या टोपीला? धाग्यावर बंदी आणा.

---

शीतघर | ५ नोव्हेंबर, सकाळी १०:००

कुळागर, तत्त्वतः बरोबर. अल्कोहोल टोपीतून आत जातं, फळातली विकरं त्याचं असिटाल्डिहाइड करतात. फेणी ४२-४३ टक्क्यांची असते, चालायला हवी. हुर्राक नको, ते फार सौम्य. फक्त टोपी भिजवा, साल नको, सालीवर डाग पडतात. वासाची मात्र मी जबाबदारी घेत नाही.

---

मांडवीकाठ | ५ नोव्हेंबर, रात्री ९:१५

ठरलं. प्रयोग करतेय. मुलाच्या शाळेच्या मार्करने टोप्यांवर अक्षरं लिहिली. (लेकाला वाटलं नवा खेळ आहे.)

क: तीन फळं, दोन साळदाटी केळ्यांबरोबर कागदी पिशवीत.
फ: तीन फळं, फेणीत टोपी बुडवून, जाड प्लास्टिक पिशवीत, वर रबर.
न: दोन फळं, नुसती खिडकीत, जावईबापूंच्या आजेसासूबाईंप्रमाणे टोपी खाली.
एक फळ फ्रीझरमध्ये. का ते मलाही माहीत नाही. जागा होती.

उरलेली दोन फ्रिजमध्येच राहू दिली, काका रागावतील पण मला ती जेली बघायची आहे. शिवाय एक चपटंही त्यांच्या सोबतीला ठेवलंय.

सासऱ्यांनी फेणीची बाटली स्वतः काढून दिली. बशीत ओतताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. फळं बुडवून झाल्यावर बशीत उरलेली वाया जाऊ नये याची काळजीही त्यांनीच घेतली.

---

गोळ्या औषधं | ६ नोव्हेंबर, दुपारी १:३०

रंगाचा बेरंग करतोय, पण सांगायला हवं. मी औषधांच्या दुकानात असतो. तुरट जापानी फळ उपाशीपोटी आणि भरपूर खाऊ नका. त्यातलं टॅनिन पोटातल्या आम्लात घट्ट होतं, फळाच्या चोथ्याला धरतं आणि जठरात दगडासारखा गोळा तयार होऊ शकतो. ज्यांची पोटाची शस्त्रक्रिया झालीय किंवा मधुमेहामुळे ज्यांचं जठर हळू रिकामं होतं त्यांनी विशेष जपावं. पिकलेलं, तुरटपणा पूर्ण गेलेलं एखादं फळ खाल्लं तर घाबरायचं कारण नाही. साखर मोजणाऱ्यांनी मात्र गोडी लक्षात ठेवा, हे फळ गोडच गोड.

अवांतर: असा गोळा झालेल्या रुग्णांना डॉक्टर कधी कधी कोका-कोला देतात, त्याने तो मऊ होऊन फुटतो. हे थट्टेत लिहीत नाही, वैद्यकीय साहित्यात नोंदलेलं आहे. घरी करून बघायचं नाही.

---

दुबईत अडकलेला | ६ नोव्हेंबर, दुपारी २:१०

कार्बाइडबद्दल माघार. इथे आमच्या सुपरमार्केटात 'शॅरॉन' नावाने मिळतं, इस्रायली नाव ते. ते कडकच खातो आम्ही आणि गोड असतं. आज कळलं का. मूळ जात तुरटच असते, बाजारात पाठवण्याआधीच तिचा तुरटपणा काढलेला असतो.

---

मांडवीकाठ | ९ नोव्हेंबर, रात्री १०:००

चौथा दिवस. बाहेर पारा ३२ च्या पुढे, घरात दमट.

'क' पिशवी उघडली आणि केळ्यांपेक्षा फळंच आधी गेली होती. दोन पार मऊ, साल इतकी पातळ की मार्करची अक्षरं आतल्या गरावर तरंगल्यासारखी दिसत होती. तिसरं एका बाजूने अजून घट्ट. मऊ झालेलं एक वाटीत घेतलं, टोपी ओढली तर देठाकडचा पांढरट दांडा गरासकट सुळकन बाहेर आला. आत चकचकीत, शेंदरी, फालुद्यासारखं. चव? मधात पिकलेली पपई कालवली तर. सालीला चिकटलेला गर मात्र किंचित ओढत होता, तेवढा सोडून दिला.

सासूबाईंनी चमचा लावला, दुसरा लावला, मग वाटी आपल्याकडे ओढून घेतली. सुपारीचा विषय निघाला नाही.

'न' अजून जशीच्या तशी, फक्त रंग गडद. 'फ' उघडायची हिंमत अजून झाली नाही.

---

कांगड्याचा जावई | ९ नोव्हेंबर, रात्री १०:३०

गोव्यात चार दिवस म्हणजे कमालच. आमच्या थंडीत खिडकीवर तीन आठवडेही लागतात.

---

मांडवीकाठ | ११ नोव्हेंबर, रात्री ९:००

'फ' उघडली! पिशवीचं रबर काढल्यावर देवळाबाहेरच्या तवेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, पाऊल टाकल्यासारखं वाटलं. फळं कडक. सुरीखाली करकर वाजली. फोडीत बारीक तपकिरी ठिपके, काका म्हणाले तसे, जणू गरावर कोणी जिरेपूड भुरभुरलीय. जीभ लावताना डोळे मिटले होते.

गोड. चक्क गोड, आणि कुरकुरीत. तुरटपणा शून्य. टोपीजवळच्या अर्ध्या इंचाला फेणीचा वास, तो सासऱ्यांनी आनंदाने संपवला. तेच फळ, तीच जात, आठवड्यापूर्वी जिच्याने माझं तोंड शिवलं होतं.

काका, तुमचं 'दोन वेगळी कामं' आत्ता समजलं. 'क' मऊ आणि गोड. 'फ' कडक आणि गोड. आणि क-मधलं ते तिसरं, एका बाजूने घट्ट राहिलेलं, मऊ झालं तरी त्या बाजूला तुरटच आहे.

---

डिचोलीची वहिनी | ११ नोव्हेंबर, रात्री ९:२०

दोन फळं उरली असतील ना फेणीची? शिरा करा. अननसाचा करतो तसा, तुपात रवा भाजून. या गोडीचा शिरा अप्रतिम होईल.

---

शीतघर | ११ नोव्हेंबर, रात्री ११:५५

वहिनी, नको! शिजवू नका! सकाळी सांगतो का ते, पण नको!

---

मांडवीकाठ | १२ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

काका, तुमचा 'नको' मी शिरा झाल्यावर वाचला.

साजूक तूप, बारीक रवा, वेलची, काजू, दोन्ही फळं किसून. वाफ आणली. रंग केशरी, वास सुंदर. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि ते विशिष्ट तोंड केलं, जे मी ३ तारखेला केलं होतं. पूर्ण शिरा तुरट! पाव किलो रवा आणि वाटीभर तूप. आता गाईला घालायचाही धीर होत नाही.

---

शीतघर | १२ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

वाईट वाटलं. म्हातारपणी रात्री बाराला धागे वाचायचे नाहीत, लवकर वाचायचे, हे माझंही चुकलं.

टॅनिन नाहीसं होत नाही, गाठी मारून बसतं, असं लिहिलं होतं ना, त्यातलीच ही गोष्ट. उष्णतेने त्या गाठी सैल होतात, टॅनिन पुन्हा विरघळतं आणि तुरटपणा परत येतो. जपानीत त्याला वेगळा शब्दही आहे, इतका हा जुना ताप आहे. दारूने किंवा वायूने तुरटपणा काढलेलं फळ कच्चंच खावं. चपट्या फुयूचा शिरा केला असता तर काही झालं नसतं. पार मऊ पिकलेल्या हाचियाचा गर घालून अमेरिकेत केक करतात, त्यात बहुतेक खाण्याचा सोडा घालतात.

---

कुळागर | १२ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

शिऱ्याला श्रद्धांजली. माझीही एक फजिती सांगतो म्हणजे ताईंना बरं वाटेल. गेल्या वर्षी त्या जपानी पाहुण्याकडून ऐकून होशिगाकी करायला गेलो. म्हणजे तुरट फळं सोलून, देठाला दोरी बांधून टांगायची, काही दिवसांनी हलक्या हाताने चोळत राहायची. महिना-दीड महिन्यात बाहेर साखरेची पांढरी पूड फुटते. सोललेल्या गरावर वरून सुकी पापडी धरते, आत हवा पोचत नाही, आणि तेच असिटाल्डिहाइडचं काम आतून होतं.

मी ओसरीवर टांगली, सोलां वाळतात तर हीही वाळतील म्हणून. सोलांना कडक ऊन असतं आणि कोकमाचं आम्ल राखण करतं. इथे गोड गर आणि सत्तरीची हवा. तिसऱ्या दिवशी हिरवी बुरशी, चौथ्या दिवशी गांधीलमाश्या, पाचव्या दिवशी बायकोने दोरी कापली. जपानात हे थंड, कोरड्या वाऱ्यावर करतात. आपल्याकडे ड्रायर असेल तरच नाद करा.

---

खवट खोबरं | १२ नोव्हेंबर, दुपारी १:००

एक गंभीर प्रश्न (हो, मीसुद्धा करतो). हे आणि आपली टेंभुर्णी यांचं काही नातं? चिरलेल्या फळाच्या फोटोत टोपी अगदी तशीच दिसते.

---

शीतघर | १२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

सख्खी चुलत भावंडं. दोन्ही डायोस्पायरॉस कुळीतली. विदर्भातला बिडीचा तेंदू, काळं लाकूड देणारा आबनूस, सगळे त्यातलेच. बंगालात गाब म्हणून याच कुळीचं झाड आहे, त्याच्या कच्च्या फळांचा चीक होड्यांच्या तळाला आणि मासेमारीच्या जाळ्यांना लावायची जुनी रीत, लाकूड-सूत कुजू नये म्हणून. जपान्यांनीही हिरव्या काकीचा रस आंबवून तेच केलं, जाळी, कागद, छत्र्या सगळं त्याने माखलं. जे टॅनिन ताईंच्या जिभेला लागलं तेच जाळ्यांना लागायचं.

---

मांडवीकाठ | १५ नोव्हेंबर, रात्री ९:३०

शेजारच्या मावशींची लेक लिस्बनला असते. मावशी 'न' खिडकीत बघून थबकल्या, म्हणाल्या, "हे तर दिऑश्पिरू!" तिथे लेकीच्या परसात झाड आहे म्हणे. त्यांच्याकडेही दोन प्रकार: चमच्याने खायचं ते नुसतं दिऑश्पिरू, आणि दातांनी चावून खायचं ते 'दिऑश्पिरू द रुएर', कुरतडायचं. म्हणजे त्या लोकांनी नावातच सोय करून ठेवलीय. आपल्याकडे काही दुकानांत याला रामफळ म्हणून विकतात, त्यावर मावशी आणि सासूबाई अर्धा तास एकमताने रागावल्या. खरं रामफळ कुठे आणि हे कुठे.

---

मांडवीकाठ | २४ नोव्हेंबर, रात्री १०:१०

धागा वर काढतेय, शेवटचा हिशेब द्यायचा राहिला.

'न' मधलं एक १४ तारखेला पिकलं, दुसरं १८ ला. चव केळ्यातल्या फळांपेक्षा उजवी, सालीजवळसुद्धा ओढ नाही. जावईबापूंच्या आजेसासूबाईंना नमस्कार सांगा.

फ्रिजमधली परवा काढली. लांबट दोन्ही बाहेरून ठणठणीत. आज सकाळी एक हातात घेतलं तर बोट आत गेलं आणि पाणी मनगटापर्यंत आलं. चपटं कापलं तर गर काचेसारखा, चावताना इडलीच्या पिठात रबर घातल्यासारखा. जवळजवळ तीन आठवडे जे बाहेरून ठणठणीत दिसत होतं तेच फळ सगळ्यात वाया गेलं.

आणि फ्रीझरमधलं. आज दुपारी बाहेर काढून अर्धं विरघळू दिलं, वरून टोपी कापली आणि सरळ कपासारखं चमच्याने खाल्लं. थंडगार सरबत-कुल्फी! तुरटपणा जवळजवळ गेलेला. काका, हे कसं?

---

शीतघर | २५ नोव्हेंबर, सकाळी ९:००

बर्फ होताना पेशी फाटतात, टॅनिन बाहेर येतं आणि फाटलेल्या भिंतींच्या चोथ्याला चिकटून बसतं. एका रात्रीत भागत नाही, तुमचं जवळजवळ तीन आठवडे होतं म्हणून जमलं. जागा होती म्हणून ठेवलेलं फळ सगळ्यात शहाणं निघालं म्हणायचं.

---

मांडवीकाठ | २५ नोव्हेंबर, सकाळी ९:२५

आत्ताच भाच्याचा फोन. "मावशी, पुढच्या खेपेला किवी आणू का?"

---

शीतघर | २५ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

आणू द्या. किवीला केळं पुरतं. फेणी सासऱ्यांकडेच राहू दे.